खोट्या माणसांची गर्दी

लोड टेस्ट म्हणजे खोट्या माणसांची गर्दी जमवणं, आणि तेच माझं काम. धान विकण्याआधी शेतकऱ्याला ज्या वेबसाइटवर नाव नोंदवावं लागतं, तिच्या डेटाबेस सर्व्हरवर मी गोंदियातल्या ऑफिसात बसून हजारो बनावट शेतकरी एकदम सोडले. सगळे निघाले माझ्या एकाच कम्प्युटरमधून. सर्व्हरने लगेच मलाच हाकलून दिलं. एकाच ठिकाणाहून मागण्यांचा मारा झाला की त्या ठिकाणाला काही वेळ बंदी, असा त्याचा नियम होता. कुणी खोडसाळपणा करू नये म्हणून ठेवलेला.

मी तो नियम टेस्टपुरता बंद केला. मग सर्व्हरने सगळा भार आरामात पेलला. "मॅडम, एकदम मक्खन चल रहा है," शेजारचा सहकारी म्हणाला. मी नियम पुन्हा चालू केला, 'पास' लिहिलं आणि सगळ्यांसाठी समोसे मागवले. स्वतःवर इतकी खूश होते की आता आठवलं तरी कानशिलं तापतात.

माझी मोठी बहीण कामठ्याकडच्या आमच्या गावात ऑनलाइन कामांचं दुकान चालवते. आम्ही तिला बाई म्हणतो. आमच्याकडे खिशात मोबाइल असला तरी धानाची नोंदणी कुणी स्वतः करत नाही. सातबारा, आधार, पासबुक पिशवीत घालून अख्खं गाव बाईकडे येतं, कारण काही चुकलं तर भांडायला समोर माणूस हवा. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, मी तिथेच वाढले आहे. तरी बाईने आधी फोन करून विचारलं होतं, "सारेच्या सारे माह्याकडेच येतेत. तुह्या सर्वरले झेपन काय?"

"अख्खा जिल्हा येऊ दे," मी म्हणाले. तिने ते गावभर सांगितलं.

नोंदणी सुरू झाली त्या सकाळीच तिचा फोन. "दोन-चार जणायचं झालं का बंद पडून राहिलं. थोडं चालते, मंग पुन्हा बंद. काऊन व?" मागे कुणीतरी ओरडत होतं, घरच्यांची नावं आधी टाकली आणि आमची पाळी आली की बरं बंद पडतं! बाईच्या दुकानात एक जुना कम्प्युटर आणि लोकांचा विश्वास, एवढंच आहे. त्यातला विश्वास माझ्यामुळे उडत चालला होता.

मला ताबडतोब कळलं. एक गाव, एक दुकान, एकच इंटरनेट, आणि एकेका नोंदणीमागे सर्व्हरकडे कितीतरी मागण्या. सर्व्हर माझ्या बहिणीला खोडसाळ समजून बाहेर काढत होता. माझ्या खोट्या माणसांना आडवा आला तेव्हा हाच नियम मी बाजूला केला होता, आणि खऱ्या माणसांसाठी मात्र आठवणीने परत लावला होता.

"चूक माझी आहे, बाई, थांब," मी तिला सांगितलं. वरिष्ठांना मात्र 'नियम जरा कडक होता' एवढंच म्हणाले, जणू तो आपोआप कडक झाला होता. परवानगी मिळून तो सैल करेपर्यंत दुपार झाली.

"आता करून पाय," मी फोनवर म्हणाले. बाईने फोन न कापताच टेबलावर ठेवला. थोड्या वेळाने तिचा मोठा आवाज ऐकू आला. "होऊन राहिलं बाप्पा! सर्वर चांगला आहे, माहाच कम्प्युटर बिघडला होता."

"मंग सकाळीच काऊन नाही पायला? लोकायचा दिवस खाल्ला तुनं," एक म्हातारा आवाज तिच्यावर खेकसला.

"चुकलंच माहं, काका," बाई म्हणाली.

फोन चालूच होता. ओरडून स्पीकरवर टाक म्हटलं असतं तर तिने टाकलाही असता. मी तो कानाला लावून माझी माफी तिच्या तोंडून ऐकत राहिले.