पाहुणीला उठू न देणारं यंत्र

१२ ऑक्टोबर. धानात पेरायच्या लाखोरी डाळीचं बियाणं पाखडायला काढलं होतं. तिरोड्याच्या घरात बसून मी पुण्याच्या एका कंपनीसाठी शेतीचा सल्ला देणाऱ्या बोलत्या अ‍ॅपची मांडणी करते. कोणतं बटण कुठे, यंत्राने काय विचारायचं आणि कसं. उत्तरं कृत्रिम बुद्धिमत्ता देते. माणूस तिला बिचकू नये एवढं मी बघते. त्या दिवशी ते खऱ्या माणसावर तपासायचं होतं, म्हणून शेजारच्या काकूंना बोलावलं. त्यांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धानावर तुडतुडे आले होते. गरज खरी होती.

फोन बैठकीत तक्क्याला टेकवला. "मला नाही, तिलाच विचारा," म्हणून मी सूप घेऊन अंगणात आले. तपासणाऱ्याने मध्ये तोंड घालायचं नसतं.

काकूंनी तुडतुड्यांचं सांगितलं. यंत्राने नीट उत्तर दिलं: बांधीतलं पाणी आजच काढा, युरिया टाकू नका. मग मी लिहून दिलेलं वाक्य गोड आवाजात म्हणालं, "आणखी काही मदत करू का?"

घरचं माणूस बोलत असताना पाहुणीने उठायचं नाही, ही इकडची रीत. काकूंनी गाईचं विचारलं. मग गुडघ्याचं. मग भाचीच्या लग्नाचं. दर उत्तरामागे तोच प्रश्न.

"तू जेवली का?"

"मी जेवत नाही."

"काऊन? उपास हाय का?"

यंत्राने उपासाचे पदार्थ सांगायला घेतले. मी पाखडत राहिले. काकू रमल्या, असं वाटून मी खूश होते.

ऊन उतरल्यावर नवरा कामावरून आला, आत डोकावला आणि म्हणाला, "काकूनं फोनपुढे चहा ठेवलाय. तुझ्या कपात."

मी आत गेले. काकू दिवाणाच्या काठावर अवघडून बसल्या होत्या.

"पाणी काढायला गेला नाहीत?"

"कशी जाऊ? दोनदा उठली. येतो बाई म्हटलं, का ते पोरगी विचारून राहिली, आनखी काई मदत करू का. मंग बसली."

"काकू, कोपऱ्यात लाल फुली आहे. ती दाबायची."

"बोलत्या मानसाच्या तोंडावर? तुह्या सासूनं हेच शिकवलं का तुले?"

"मी लग्नापासून ती फुली शोधून राहिलो," नवरा म्हणाला.

बांधी तलावापलीकडे, आणि अंधार पडत आला होता. पाणी धानात तसंच उभं राहिलं.

तेवढ्यात पुण्याहून फोन आला. यंत्राशी इतका वेळ आजवर कोणी बोललं नव्हतं. तिकडे सगळे आनंदात होते. मी म्हटलं, बाईचं धान वाळायला लागलंय, तो प्रश्न काढते.

"पण मॅडम, अ‍ॅप चाललंय ते त्या प्रश्नामुळेच."

"तुमचं चाललंय," म्हटलं आणि फोन ठेवला. स्वयंपाकाआधी प्रश्न काढून टाकला. उत्तर झालं की यंत्राने "बरं, या मग" म्हणायचं आणि गप्प बसायचं. फुलीच्या जागी मोठं बटण केलं: येतो. परवानगी मागितली नाही.

सकाळी उजाडताच फावडं घेऊन काकूंबरोबर बांधीवर गेले. एका कोपऱ्यात धान गोल चट्ट्याने वाळलं होतं, बाकी हिरवं होतं. धुरा, म्हणजे बांधीचा मातीचा बांध, फोडला. पाणी नाल्याकडे वाहायला लागलं तेव्हा काकूंनी माझा फोन मागितला.

"काढलं वो बाई पानी."

"छान केलंत. बरं, या मग."

"आता कशी मानसावानी बोलली," काकू म्हणाल्या. त्यांनी बटण दाबलं, आणि मी खालच्या बांधीचा धुरा फोडायला घेतला.