माळ या शब्दाचं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत त्याला सगळे कार्डमास्तर म्हणायचे. मास्तर म्हणावं असं त्याने आयुष्यात कोणाला काही शिकवलं नव्हतं. पण एकोणीस वर्षं शब्दांची कार्डं लिहून, लावून, हरवलेली शोधून त्याच्या बोटाला शाईचा डाग कायमचा बसला होता, आणि एवढ्या नोकरीनंतर माणसाला काहीतरी पदवी द्यायलाच हवी. ही फुकटात देता येत होती.

काम असं. एका शब्दाला एक कार्ड. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली एक वाक्य, आणि तळाच्या कोपऱ्यात ते वाक्य कोणाकडून मिळालं त्याची नोंद. नियम कडक होता. वाक्य खऱ्याखुऱ्या प्रसंगातलं हवं, खुर्चीत बसून रचलेलं चालणार नाही. मुख्य संपादक, म्हणजे साहेब, रचलेलं वाक्य दोन बोटांत धरून परत करायचे. 

आता एक गोष्ट सांगतो, जी कार्डमास्तर कोणालाच सांगत नसे. तो माळावरचा होता. डांबरी रस्ता संपतो, पुढे बारा मैल नुसते दगड आणि काटेरी झुडपं, टँकर येईल तेव्हा पाणी, तिथला. पण कचेरीत पहिल्याच दिवशी शिपायाच्या हातून चहा सांडला आणि कोणीतरी म्हणालं, "माळावरचा आहेस का रे?" सगळे हसले. तासाभराने याला गाव विचारलं, तर याने बेधडक ठोकून दिलं, "नदीकाठचं आहे आमचं." थाप मारणं सोपं असतं हो, नंतर ती पोसावी लागते. याने ती पोसली. पुढे पुढे तर 'माळावरचा' हा शब्द इतरांपेक्षा हाच जास्त हौसेने वापरायला लागला.

एका वर्षी त्याचे वडील डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्याच्या खोलीवर आले. म्हातारा पहिल्यांदाच शहरात आलेला. पहिल्या सकाळी हा उठून बघतो तर मोरीत नळ धो धो वाहतोय, बादली भरून पाणी उंबऱ्यापर्यंत आलंय, आणि बाबा समोर उकिडवे बसून नुसते बघतायत. ओठ हलत होते. याने धावत जाऊन तोटी बंद केली आणि वडिलांवर खेकसला. काय करताय म्हणून विचारलं नाही. वेड्यासारखं काय चालवलंय, एवढंच म्हणाला.

नेमका त्याच आठवड्यात माळ हा शब्द टेबलावर आला. अर्थ तयार होता: पाण्यापासून लांबची, दगडाळ, विरळ वस्तीची ओसाड जमीन. वाक्य मात्र कोणाला मिळेना. तेव्हा चहाच्या वेळी याने हातातली बशी खाली ठेवली आणि सांगायला लागला, आमच्या शेजाऱ्यांकडे माळावरचा एक म्हातारा आलाय. उकिडवा बसून दाखवलं. तोंड उघडं टाकून दाखवलं. ओठसुद्धा हलवून दाखवले. कचेरी हसून हसून लोळायची बाकी राहिली. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "लिहा हेच. अस्सल आहे."

त्याने लिहिलं. माळावरच्या म्हाताऱ्याने नळ सोडला आणि खुळ्यासारखा पाण्याकडे बघत बसला. कोपऱ्यात नोंद केली: शेजाऱ्यांकडील पाहुणा. एकोणीस वर्षांत साहेबांनी त्याचं केलेलं ते पहिलं कौतुक. त्या दिवशी तो घरी जाताना शीळ वाजवत होता, ही गोष्ट त्याला नंतर फार छळायची.

कोश छापून झाला. प्रत्येकाला एक प्रत मिळाली. गावी बाबांजवळ राहणाऱ्या ताईचा निरोप आला की बाबा रोज विचारतात, पोराचं पुस्तक झालं का. मग एका रविवारी तो प्रत घेऊन माळावर गेला. खरं सांगायचं तर ते वाक्य तो विसरला होता. साठ हजार शब्दांत एक वाक्य कोण लक्षात ठेवतं?

ताईने खाट ओसरीवर ओढली. बाबांनी हात धुऊन, पुसून, पुस्तक मांडीवर घेतलं. वाचता येत नव्हतं, पण पानांवरून हात फिरवत होते. ताईची मुलगी सातवीत, वाचायला टपलेलीच. बाबा तिला म्हणाले, "आपला शब्द काढ. माळ आहे का बघ."

तेव्हा त्याला आठवलं.  नंतर बघू, आधी जेवू, त्यात फार बारीक टाइप आहे, असं काहीबाही तो बोलत सुटला. पुस्तकाला हात घातला तर भाचीने ते पाठीमागे लपवलं, तिला वाटलं मामा चेष्टा करतोय. मग पाठ फिरवून तिने पान काढलं आणि वाचलं. अर्थ वाचला, बाबांनी मान डोलावली. मग खणखणीत आवाजात वाक्य वाचलं. खुळ्यासारखा या शब्दावर तीसुद्धा हसली.

ताई हसली नाही. तिने एकदा भावाकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

त्याला जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं. "बाबा, चुकलं माझं," तो म्हणाला. 

"चुकलं कसं? तसंच झालं होतं की," बाबा म्हणाले.  "मी घागरी मोजत होतो. बादलीवरून अंदाज धरून. अकरा झाल्या होत्या, तेवढ्यात तू तोटी बंद केलीस. तुझी आई चढ चढून दिवसाला तीन आणायची. म्हणजे तिचे जवळजवळ चार दिवस झाले."

मग त्यांनी नातीकडून पुस्तक मागून घेतलं, धुतलेल्या धोतरात गुंडाळलं आणि फळीवर आईच्या फोटोशेजारी ठेवायला सांगितलं. पोराचं पुस्तक आहे, नीट ठेव म्हणाले. तो जेवला नाही. ताईने आग्रहही केला नाही.

सोमवारी त्याने कपाटातून माळचं कार्ड काढलं. कोपऱ्यातलं शेजाऱ्यांकडील पाहुणा खोडलं आणि लिहिलं: माझे वडील. मग कार्ड घेऊन साहेबांसमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं, नदीकाठच्या थापेसकट, घागरींसकट. सगळी कचेरी ऐकत होती. साहेबांनी कार्ड घेऊन कोपऱ्यातली नोंद वाचली. वाक्य बदलू, म्हणाले, पुढच्या आवृत्तीत नक्की बदलू.

पुढची आवृत्ती निघायला पंधरा वर्षं लागतात. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, आणि नात त्यांना रोज संध्याकाळी एक पान वाचून दाखवते.