माईकची पुढची बाजू

आमच्या लग्नाच्या चौदाव्या वाढदिवसाला ह्यांनी मला माईक आणून दिला. बड्या गणपतीच्या देवळाजवळच्या एका हिंदी शाळेत संगीत शिक्षिकेची जागा निघाली होती आणि त्या महिन्यात मी घरात तो विषय तीनदा काढला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "इतकी भागदौड कशाला गं? घरीच गा ना आरामशीर." माईकचा डबा पाहिल्यावर मी शाळा विसरले. चाळिशीच्या बाईने इतकं हुरळून जाऊ नये, पण मी गेले.

माईक स्वस्तातला, ऑनलाइन मागवलेला. वायर थेट लॅपटॉपला लागायची. डब्यात जो माहितीचा कागद होता तो बहुतेक चिनी भाषेत होता, त्यामुळे मी माझीच अक्कल चालवली. लहानपणी गाण्याच्या क्लासात शिकवलेलं डोक्यात पक्कं होतं, पेटी ठेवताना नक्षीची बाजू श्रोत्यांकडे करायची. माईकच्या एका बाजूला सोनेरी पानाची खूण होती. ती मी दाराकडे केली आणि मागे बसून गायला लागले.

आमचा फ्लॅट छत्रीबागेत, दुसऱ्या मजल्यावर. गाण्यासाठी मला सामानाची खोली मिळाली, म्हणजे गाद्या, कूलरचा खोका, दिवाळीच्या माळा आणि मी. खिडकीला रजई ठोकली. पंखा बंद, कारण त्याची घरघर माईकमध्ये यायची. सकाळी कचरागाडी गाणं लावून गल्लीत यायची, मग सगळ्या घरांचे कुकर सुरू व्हायचे. त्यामुळे दुपारी तीन ते चार एवढाच वेळ उरायचा. मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, रजईआड! दार पूर्ण लावलं तर जीव गुदमरायचा, म्हणून ते अर्धवट उघडं ठेवायची. बाहेर हॉलमध्ये ड्युटीवरून आलेले हे आणि सासूबाई टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायचे. माझ्यासाठी एवढं करतात म्हणून मला भरून यायचं.

रेकॉर्डिंग मात्र धड होईना. माझा आवाज शेजारच्या बिल्डिंगमधून आल्यासारखा, आणि आमच्या भिंतीवरचं घड्याळ जणू कानात टिकटिक करतंय. मी माईकजवळ सरकले, मोठ्याने गायले, घसा बसवून घेतला. शेवटी समजूत घातली की लग्नाआधी लोक कौतुक करायचे ते आपलं उगीच, आवाज मुळात एवढासाच आहे. वर्षभर मी हे खरं मानलं. स्वयंपाक करताना गुणगुणणंसुद्धा बंद झालं.

तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत कळलं की शाळेतली ती जागा पुन्हा रिकामी झाली आहे, तेव्हा घरात न सांगता मी एक रेकॉर्डिंग शाळेच्या प्राचार्य मॅडमना पाठवलं. त्यांचा व्हॉइस मेसेज आला, "मैडम, सुर तो अच्छा है, पर आवाज़ बहुत दूर से आ रही है। क्लास में पीछे तक कैसे पहुँचेगी? बुधवार तक एक और भेज दीजिए।" बाई भल्या होत्या. दुसरी असती तर तिने उत्तरही दिलं नसतं.

बुधवारी दुपारी मी माईक पुसायला घेतला. दाराच्या उजेडात जाळीतून आत पाहिलं तर आवाज झेलणारी एक सोनेरी चकती दिसली. ती खुणेच्या बाजूला होती. माझ्या बाजूने पाहिलं तर आत नुसता काळोख. मी हसावं की रडावं ते कळेना. वर्षभर मी माईकच्या पाठीला गाणं ऐकवत होते, आणि त्याचं तोंड होतं हॉलकडे.

म्हणजे आपला आवाज किती वाया गेला, हे बघायला मी जुनी फाईल काढली, न कापलेली. एरवी सुरुवातीचा तुकडा मी नेहमी न ऐकताच कापायची. त्या वेळी माझ्या कानांत तानपुऱ्याच्या ॲपचे इअरफोन असायचे आणि मी षड्ज लावत बसलेली असायची. आता तो तुकडा पहिल्यांदा ऐकला. घड्याळ. मग सासूबाई, अगदी स्वच्छ: "ती शाळेचं काही काढते का रे हल्ली?"

"अब कहाँ, आई," हे म्हणाले. "माईक आणून दिला ना. लगी रहती है बेचारी. इथल्या इथे, नजरेसमोर."

"बरं झालं बाई. चहा टाकू का? तिला डिस्टर्ब तर नाही ना होणार?"

आणि मग लांबून मी, गायला सुरुवात करताना.

मी ते तीनदा ऐकलं. आवाजात कुठे दुष्टपणा सापडतो का ते शोधत होते. नव्हता. दोघंही मायेने बोलत होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला. भांडायला जावं तर कुणाशी? चहाची बशी वाजू नये म्हणून जपणाऱ्या माणसांशी? आणि लाज वाटली माझी मला, त्या दिवशी डबा पाहून हुरळले होते त्याची.

मी माईक फिरवला. खूण माझ्याकडे केली आणि एकदाच गायले, पुन्हा घेतलं नाही. ऐकलं तर तो माझाच आवाज होता, विशीतला नाही, पण भरलेला, खोली व्यापणारा. तसाच मॅडमना पाठवून दिला.

हॉलमधून ह्यांनी विचारलं, "झालं का गं? पंखा लावून घे, घाम आला असेल."

तेवढ्यात फोन वाजला. मॅडमचा मेसेज होता: "अरे वाह! ये तो कोई और ही गा रहा है। सोमवार से आ सकेंगी?"

वर्षापूर्वी जे हवं होतं ते समोर होतं. दार अर्धं उघडंच होतं. मी क्षणभरही विचार केला नाही, बोटं आपोआप चालली: "घर में पूछकर बताती हूँ, मैडम।"

पाठवून झाल्यावर मी ते वाचलं. खोडायला गेले, तोवर मेसेजखालच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या होत्या.