यान नॉर्वेहून येईपर्यंत

"यान आल्याशिवाय काही ठरवता येणार नाही," हेंक म्हणाला. मला एक बिस्किट घेऊ दिलं आणि डबा बंद केला.

हेंक आणि यान सख्खे भाऊ, डच. कापेल आन डेन आयसेलमध्ये त्यांचा वडिलांच्या वेळेपासूनचा छोटा कारखाना होता. मुलांना सायकलवर बसवायच्या सीट बनवायचे. माझी मुलगी त्यांच्याच सीटवर बसून युट्रेख्टभर हिंडायची. मी मूळ पुण्याची, अमेरिकेत लॉ केलेलं, आणि नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीपायी या देशात आलेली. तेव्हा दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं. स्लोटरडाइकच्या ऑफिसात माझं काम एवढंच, की अमेरिकेतलं कोर्ट काय म्हणतंय ते इथल्या क्लायंटला समजावायचं.

या सीट अमेरिकेतही विकल्या जायच्या, आणि बक्कल तडकतं अशी तिथे तक्रार होती. इजा कुणालाच झाली नव्हती. पण एका बाईने फेडरल कोर्टात सगळ्या गिऱ्हाइकांच्या वतीने दावा लावला. याला क्लास अॅक्शन म्हणतात. जज्जने तो तसा चालवायला मंजुरी दिली, म्हणजे सर्टिफाय केला, की एका बाईचा दावा देशभरच्या गिऱ्हाइकांचा होऊन बसतो. तेच झालं होतं. विमा तेवढा नव्हता. हरलो तर कारखाना जाणार, हे हेंकला कळत होतं आणि पॅकिंग करणाऱ्या आनीलाही.

एरवी तिथे अपील करायचं ते शेवटचा निकाल लागल्यावर. सर्टिफिकेशनला मात्र एक पळवाट आहे. मधेच वरच्या कोर्टाकडे अपिलाची परवानगी मागता येते. द्यायची की नाही, ही त्यांची मर्जी. मुदत त्या काळी दहा दिवस, शनिवार-रविवार सोडून. आमच्या शिकागोच्या वकिलाच्या मते मुद्दा चांगला होता. त्याने अर्ज तयारही ठेवला.

आणि यान नॉर्वेत कुठेतरी डोंगरात तंबू ठोकून बसला होता. फोन लागत नव्हता. दरवर्षीचंच ते.

त्या कारखान्यात सगळं सगळ्यांना विचारून व्हायचं. नवीन मशीन घ्यायचं असो की सीटचा रंग बदलायचा असो, कॉफी यायची, आनीसुद्धा बोलायची, आणि एकमत झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. साहेब म्हणेल ती पूर्व दिशा, असल्या ऑफिसातून आलेली मी. मला याचं फार कौतुक होतं. त्या आठवड्यात मात्र जीव नुसता खालीवर होत होता.

"अर्ज तर टाकून ठेवू. यान नको म्हणाला तर मागे घेऊ," मी म्हणाले.

"आधी करायचं आणि मग विचारायचं?" हेंकने शांतपणे मान हलवली. "त्याला विचारणं म्हणत नाहीत."

मग त्याने त्याच्या मते सरळ रस्ता काढला. वकिलाला सांगून खालच्या जज्जकडून मुदत वाढवून घेतली. मी आणि वकील, दोघंही घसा कोरडा करत होतो, की ही मुदत खालच्या जज्जच्या हातातली नाहीच. ती वरच्या कोर्टाच्या नियमातली, आणि वाढवायची सोय कुणालाच नाही. वकिलाने तसं लेखी कळवलं. हेंकने माझ्यापुढे जज्जची सही धरली. इथे ठरलेली वेळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, मग ती दाताच्या डॉक्टरने दिलेली असो की जज्जने.

यान आला. उन्हाने रापलेला, खुशीत. बैठक बसली, कॉफी झाली. पहिल्याच वाक्यात तो हो म्हणाला.

"यात मला विचारायचं काय होतं?"

हेंकने रिकामे कप गोळा केले.

वाढीव मुदतीत अर्ज गेला. वरच्या कोर्टाचं उत्तर अगदी त्रोटक आलं. अर्ज उशिरा आलाय, जज्जला मुदत वाढवायचा अधिकार नव्हता, सबब फेटाळला. मुद्दा चांगला होता की वाईट, तो कुणी बघितलाच नाही.

शेवटच्या निकालापर्यंत लढून मग अपील करायची वाट कायद्याने उघडी होती. पण त्याला वर्षं लागतात, आणि बँक थांबायला तयार नव्हती. तडजोड करावी लागली, आणि तिच्यात कारखाना गेला. मला स्लोटरडाइकच्या प्लॅटफॉर्मवर उभ्याउभ्या, सगळ्यांसमोर रडू फुटलं. राग काढायचा तरी कुणावर? माणसं चांगली होती हो.

कारखाना बंद करायचा, यावरही बैठक झाली. मला मुद्दाम बोलावलं होतं. आनी सगळ्यात शेवटी बोलली, आणि बाकीच्यांसारखंच हो म्हणाली. मग हेंकने मला विचारलं, "वेळेत गेलो असतो तर जिंकलो असतो?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

तेव्हापासून अमेरिकेतून काही आलं की कायद्याचं नंतर. आधी क्लायंटला विचारते, कुणाकुणाचा होकार लागतो, आणि ती माणसं आत्ता कुठे आहेत? कुणी सुट्टीवर असेल, तर तिथला नंबर घेतल्याशिवाय मी फोन ठेवत नाही. बाई खवट आहे, असं म्हणतात. म्हणोत.