मापावरची धार

कुरुळीतल्या माझ्या गॅरेजच्या बोर्डावर नावाखाली 'माजी सैनिक' असं लिहिलंय. ते वाचून आसपासच्या कंपन्यांतली पोरं विचारतात, "काका, गोळ्या किती चालवल्या?" मी कार्बोरेटरचं सांगायला लागलो की चहा संपवून उठतात. उठू देत. माझी सगळी लढाई कार्बोरेटरशीच झाली.

शेवटची फील्ड पोस्टिंग बर्फाच्या सेक्टरमध्ये होती. मी हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. बेस कॅम्पवरच्या स्नो स्कूटर माझ्या ताब्यात होत्या. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा आणि टू-स्ट्रोक इंजिन. त्या जुन्या मॉडेलला तेलाची वेगळी टाकी नव्हती. पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागे. प्रमाण पन्नासाला एक, म्हणजे पन्नास भाग पेट्रोल आणि एक भाग तेल.

जेटचं काम त्याहून किचकट. जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं बारीक भोकाचं पितळी तोंड. इंजिनात किती पेट्रोल जायचं ते हे भोक ठरवतं. उंचावर हवा विरळ, म्हणून तिथे लहान जेट लावायचा. खाली उतरलं की मोठा. हातमोजे घालून हे काम होत नाही, आणि काढले तर बोटं राहतील की नाही याची खात्री नसते. म्हणून मी वरच्या पोस्टपासून बेसपर्यंत चालेल असा एकच जेट बसवून दिला होता. तो चालायचा, पण मिश्रण मापात असेल तरच.

नाईक सोपान आमचा सगळ्यात भरवशाचा ड्रायव्हर. निघोज्याचा. वडिलांच्या म्हशी होत्या, गावात दुधाचा रतीब होता. मिश्रण करताना तो मापाने तेल घालायचा आणि वर पुन्हा बारीक धार सोडायचा.

"सोपान, हे काय?"

"उस्ताद, आमच्यात माप भरल्यावर वर धार सोडत्यात. नुसतं माप देतो त्यो दळभद्री."

"हे दूध नाही. पुन्हा धार सोडलीस तर कान उपटीन."

"व्हय उस्ताद," म्हणून हसायचा. मी समोर असलो की मापात राहायचा. स्वभावाने इतका गोड की रागावून झाल्यावर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशी सोपान मशीन घेऊन वरच्या पोस्टवर होता. सकाळी तिथला एक जवान आजारी पडला. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, तसं झालं होतं. अशा माणसाला खाली आणणं हाच इलाज. हवामान खराब, हेलिकॉप्टर बंद. सोपानने स्वतः मिश्रण केलं, टाकी भरली, पेशंटला मागे जोडलेल्या स्लेजवर, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवर बांधलं. सोबत नर्सिंग असिस्टंट. दुपारी निघाले. अर्धी वाट छान झाली. मग उतार संपला आणि बेसच्या अलीकडची चढण लागली.

मी रेडिओपाशीच होतो.

"बेस, सोपान. मशीन बंद. स्टार्टरचा दोर ओढला की इंजिन मोकळं फिरतंय, दमच न्हाई. ओव्हर."

"पेशंट कसा? ओव्हर."

"घरघर लागलीय. स्लेज ओढत निघतो. ओव्हर."

"थांब तिथेच. पार्टी निघाली आहे. ओव्हर."

"थांबलो तर ह्यो जाईल, उस्ताद. आउट."

रेडिओवर ओव्हर म्हणजे आता तू बोल. आउट म्हणजे बोलणं संपलं. त्याने माझ्यासाठी जागाच ठेवली नाही.

गुडघाभर बर्फात, त्या उंचीवर, तो पुढून ओढत होता आणि असिस्टंट मागून ढकलत होता. असिस्टंटने नंतर सांगितलं, दोन-तीनदा स्लेजचा दोर मागितला, पण याने सोडला नाही. आमची पार्टी भेटली तेव्हा सोपानने दोर पार्टीच्या सुभेदारांच्या हातात दिला, "पेशंट जिता हाय" म्हणाला आणि बर्फात बसला. पुन्हा उठला नाही. डॉक्टर म्हणाले, छाती फुटेपर्यंत ओढलं. पेशंट वाचला. आज तो त्याच्या गावी शेती करतो.

हवा मोकळी झाल्यावर मशीन खाली आणलं. मी एकट्याने इंजिन खोललं. पिस्टनच्या माथ्याला भोक पडलं होतं, आणि सिलिंडरच्या भिंती मात्र तेलाने ओल्या. टाकीतलं उरलेलं मिश्रण बोटावर घेतलं तर चिकट. तेल कमी पडलं नव्हतं, जास्त झालं होतं. मी सीओ साहेबांना, म्हणजे कमांडिंग ऑफिसरना सांगितलं.  ते म्हणाले, "घरी एवढंच जाईल की इंजिन बंद पडलं."

निवृत्तीनंतर मी सोपानच्या घरी भेटायला निघोज्यात आलो. नानांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, मला माझ्या गावी, लातूरला, परत जाऊ दिलं नाही. शेजारच्या कुरुळीत गाळा त्यांनीच बघून दिला. रोज सकाळी मोपेडला कॅन लावून येत. अर्धा लिटरचं माप पातेल्यात ओतत, वर धार सोडत, आणि मग विचारत, "हवालदार, मापात कुणी मारलं?"

पेट्रोलमध्ये तेल मापाने घालतात हे सोपानने सुट्टीत सांगितलं होतं, आणि त्यांच्या मनाने पक्कं घेतलं होतं. कुणीतरी तेल खाल्लं, मापात मारलं, म्हणून इंजिन जळलं आणि पोरगं गेलं. जन्मभर कुणाला थेंबभर कमी न दिलेल्या माणसाला दुसरं सुचणारही कसं?

"मशीन आहे, नाना. बंद पडतं कधीकधी," मी रोज म्हणायचो. खरं सांगावं तर त्यांचीच सवय त्यांच्या अंगावर येणार. न सांगावं तर सैन्यातल्या भल्या माणसांवर चोरीचा आळ. मी गप्प राहणं पसंत केलं. आयुष्यात इतकं जड काही उचललं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मोशीचा भूषण टेम्पोत घालून आपली डर्ट बाइक घेऊन आला. रविवारी डोंगरात पळवायची टू-स्ट्रोक गाडी. हेड काढलं. पिस्टनच्या माथ्याला भोक. मी खूप दिवसांनी तसं भोक बघत होतो.

"तेल किती घातलंस?"

"दुप्पट घातलं, काका. म्हटलं इंजिनची काळजी घेऊ."

माझा पारा चढला. "काळजी! अरे शहाण्या, जेटमधून ठरलेलंच जातं. त्यात तेल वाढवलंस की पेट्रोल घटतं. दाट तेल भोकातून लवकर सरकतही नाही. हवा तेवढीच, पेट्रोल कमी, मग माथा भट्टीसारखा तापतो आणि फुटतो. थंडीत तर विचारूच नको. ही मापावरची धार माणूस मारते, माणूस!"

भूषण माझ्या मागे बघत होता. मी वळलो. दारात नाना उभे होते, हातात कॅन.

"त्येनं जास्ती घातलं व्हतं?" नानांनी विचारलं.

मी फडक्याला हात पुसू लागलो.

"हवालदार, खरं सांगा."

"व्हय, नाना."

ते तिथल्या टायरवर बसले. भूषण पाणी आणायला गेला. नाना कॅनच्या कडीला लावलेल्या मापाकडे बघत राहिले.

"म्या शिकवलं त्येला. ल्हान व्हता तवापासनं."

"त्याने पेशंट वाचवला, नाना. तेही तुम्हीच शिकवलंत."

"ते हाय," म्हणाले आणि उठले. त्या दिवशी दूध द्यायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी वेळेवर आले. माप काठोकाठ भरून पातेल्यात ओतलं. सवयीने पुन्हा कॅनमध्ये बुडवलं, वर काढलं, आणि हात तिथेच थांबला. माप परत कॅनमध्ये उपडं केलं, झाकण लावलं. "येतो," म्हणाले. मोपेडचा आवाज निघोज्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी पातेलं धरून उभा होतो. मग आत जाऊन रडलो. सोपान गेला तेव्हाही असा रडलो नव्हतो.

आता नानांचं दूध घेणारी भाड्याच्या रूमवरची पोरं म्हणतात, म्हातारा चिकट झाला, वर धार सोडत नाही. एकाची मी कॉलर धरली. त्याला सांगितलं, नाईक सोपान, गाव निघोजे. याच नानांचा मुलगा. भरल्या हाताने द्यायचा, आणि हातातला दोर त्याने सोडला नाही.