तिसरीच्या वर्गातली दगडफेक

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नरसीपासून काही कोसांवरच्या दोनशिक्षकी शाळेत माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. इतिहास पाठ करून घ्यायचा नाही, लेकरांच्या हातून करवून घ्यायचा, असं मी ठरवूनच आले होते.

धडा होता पुण्यात मुलींना शिकवायला निघालेल्या पहिल्या बाईंचा. रस्त्यानं जाताना लोक त्यांच्यावर शेण आणि दगड फेकत, म्हणून त्या पिशवीत दुसरं लुगडं ठेवत. मी म्हटलं, आपण हे करून पाहू. तिसरीच्या पोरांनी रद्दी भिजवली, लगदा कुटला, गोळे वळून उन्हात वाळवले. दोघांनी तर कोळशानं रंगवून त्यांना हुबेहूब दगडाचं रूप दिलं.

बाईंचं काम मी मेंढपाळाच्या घरातल्या मुलीला दिलं. ती इतरांहून दोन वर्षांनी मोठी होती. घरच्यांबरोबर मेंढरांमागं हिंडण्यात तिची शाळा बुडालेली. तिच्या कपड्यांना वास येतो म्हणून तिच्याजवळ कोणी बसत नसे. मला वाटलं, यानं तिला मान मिळेल. माझी जुनी साडी तिला नेसवली आणि बजावलं, "कोणी काही फेकलं तरी थांबायचं नाही. मान खाली घालून चालत राहायचं."

ती शाळेच्या पटांगणातून चालू लागली. पहिले गोळे तिच्या पायाशी पडले. पोरं हसली. मग एक गोळा पाठीत बसला आणि हसण्याचा सूर बदलला. "मेंढरं हाक, मेंढरं," कोणीतरी म्हणालं. हे धड्यात नव्हतं. गोळे संपले तरी हात थांबले नाहीत. माती आली, मग मुरूम आला. मी वर्गाच्या दारातून ओरडत होते, पण माझा आवाज कोणाच्या कानात शिरत नव्हता. एका पोरानं कुंपणाचा दगड उचलून फेकला. तो तिच्या भुवईवर बसला. ती थांबली नाही. रक्त डोळ्यात उतरत होतं आणि ती तशीच चालत माझ्यापर्यंत आली.

तिला सावलीत बसवून पदर जखमेवर दाबून धरायला सांगितलं. मग निंबाची फोक मोडली आणि त्या पोराला गाठलं. पाठ, पाय, हात, काही पाहिलं नाही. फोक तुटली तेव्हा हातानं मारलं. ते भिंतीला टेकून मुतलं तरी मी मारतच होते. मुख्याध्यापकांनी मला ओढून बाजूला केलं. बाकीची लेकरं बघत उभी होती. थोड्या वेळापूर्वी तिच्याकडं बघत होती, अगदी तशीच.

मुख्याध्यापकांच्या मोटारसायकलवरून तिला दवाखान्यात नेलं. चार टाके पडले. टाके घालताना ती रडली नाही, माझं मनगट मात्र नखं रुतेपर्यंत धरून होती. नंतर तिनं विचारलं, "बाई, त्या बाईनं कोनालाच मारलं न्हाई का?"

एकदा वाट अडवणाऱ्या गुंडाच्या त्यांनी थोबाडीत दिली होती, असं सांगतात, मी म्हटलं.

"मंग ते काहून सांगितलं न्हाई आमाला?"

मला त्या सोसणाऱ्याच बऱ्या वाटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या पोराचा बाप आला. माफी मागायची म्हणून मी मनात शब्द जुळवले होते. पण तो पोराला कानाला धरून आत घेऊन आला. "बराबर केलं बाई तुमी. आजून द्या दोन," म्हणाला आणि माझ्यासमोरच त्यानं पोराच्या कमरेत लाथ घातली. माफी राहूनच गेली.

पाचव्या दिवशी ती डोक्याला पट्टी बांधून आली. सरळ त्या पोरासमोर गेली आणि त्याच्या अशी थोबाडीत मारली की आवाज ओसरीपर्यंत गेला. मग त्याच्याच शेजारी बसली. तो थोडा सरकला. मी फळ्यापाशी उभी होते. वळून तारीख लिहू लागले.

त्या वर्षी मेंढरं बाहेर निघाली तेव्हा ती गावात आत्याकडं राहिली. पुढं शेजारच्या गावात सातवी झाली, एवढं कळलं. माझा हात मात्र लगेच सुधारला नाही. त्यानंतरही तीन वर्षं मी लेकरांना मारत होते.