भरदुपारी ओट्यावर

माझा झोपेतला फोटो दिराने काढला. सुट्टी होती म्हणून बागेत फिरायला आला होता. मी द्राक्षाच्या वेलीखाली, तोंड उघडं, पदर घसरलेला, हातात विरळणीची कात्री. खाली त्याने लिहिलं, "आमच्या महाराणी ड्युटीवर." आणि घरच्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला.

मला कळलं संध्याकाळी, भाकरी थापताना. पोरगीच फोन घेऊन आत आली. सगळी भावकी दात काढत होती. माझ्या सख्ख्या बहिणीनेही हसरी तोंडं पाठवली होती. फार एकटं वाटलं. तव्यावरची भाकरी करपली. तीही मीच खाल्ली.

दीर सातपूरला कंपनीत आहे. रात्रपाळी करून आला की दुपारपर्यंत झोपतो. तेव्हा घरात मिक्सर लावायचा नाही, पोरांनी ओरडायचं नाही. नवरा जेवला की दारापुढच्या ओट्यावर लवंडतो. त्यांची ती विश्रांती. मी उजाडायच्या आत उठते. पाणी, धारा, डबे. मग मान वर करून दिवसभर जादा मणी कापून घड विरळायचे, घरी आलं की पुन्हा चूल. त्या दिवशी अंगात कणकण होती, जरा टेकले. त्याची चेष्टा झाली.

नवऱ्याला म्हटलं, भाऊजींना तो फोटो डिलीट करायला सांगा.

"गंमत केली त्यानं. लय मनावर घेऊ नको. आन् कामाच्या टायमाला झोपतं का कोणी?"

कामाचा टाइम. लग्न करून आले तेव्हापासून माझा दुसरा कुठला टाइम होता, हे त्याला सांगता आलं नसतं. मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. भांडी तशीच ठेवली. गोधडी काढली आणि ओट्यावर, नवऱ्याच्या जागेवर अंथरली.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, येणारे-जाणारे बघू राहिले ना."

त्यांनीही कधी दुपारी पाठ टेकलेली मी पाहिली नव्हती. वाटलं होतं, निदान त्या तरी समजतील.

दीर दारात उभा होता. मी म्हटलं, "भाऊजी, आज जागी हाय, तोंड झाकत नाय. काढा फोटो."

त्याने फोन खिशात घातला.

झोप कसली येते. भांडी संध्याकाळपर्यंत पडून राहिली, कोणी हात लावला नाही. आता घरात माझ्याशी कामापुरतं बोलतात. बहिणीचा फोन येत नाही.

तरी जेवणं झाली की मी ओट्यावर आडवी होते. रोज. नवऱ्याने दुसरी जागा बघावी.